मुठीपुढचा करार

मोटारसायकलच्या हँडलवर डावीकडे क्लचचा लिव्हर आणि उजवीकडे पुढच्या ब्रेकचा, ही मांडणी आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिला काही इतिहास असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. गाडी पडते, लिव्हर तुटतो, माणूस स्पेअर पार्टच्या दुकानात जातो आणि दुकानदार विचारतो : ओरिजिनल देऊ, लोकल देऊ, की सीएनसी? तिसऱ्या प्रकारात लाल, निळे, सोनेरी रंग मिळतात, लांब आणि आखूड असे नमुने मिळतात, मुठीपासूनचं अंतर कमी-जास्त करणारी चकती मिळते. घेणारा बहुधा रंग पाहतो आणि भाव करतो. पण लिव्हरच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासात दोन वेगळे प्रश्न होते आणि त्यांची उत्तरं वेगवेगळ्या दर्जाची मिळाली. लिव्हर कुठे असावा, त्याने कोणतं काम करावं आणि किती जोराला किती प्रतिसाद द्यावा, हा पहिला प्रश्न. तो बऱ्याच गोंधळानंतर नीट सुटला. तो लिव्हर कुणाच्या हातात कसा बसावा, हा दुसरा. तो सरासरी मापाचा एक हात गृहीत धरून घाईने मिटवण्यात आला. बाहेरच्या बाजारातल्या लिव्हरला खरा अधिकार आहे तो या दुसऱ्या प्रश्नापुरता. पहिल्या प्रश्नाचं मिळालेलं उत्तर तो बिघडवत असेल, तर तो कितीही देखणा असला तरी घेण्याजोगा नाही, असं माझं म्हणणं आहे आणि त्याचा पुरावा लिव्हरच्या इतिहासातच आहे.

सुरुवातीच्या मोटारसायकली म्हणजे इंजिन बसवलेल्या सायकली. पट्ट्याने चाक फिरायचं, गिअर एकच, क्लच नाही. गाडी थांबवायची तर इंजिनही थांबवायचं आणि पुन्हा पेडल मारत सुरू करायचं. ब्रेक सायकलचाच, चाकाच्या कडेवर घासणारा. पेट्रोलचं प्रमाण, हवेचं प्रमाण, ठिणगीची वेळ, हे सगळं चालवणाऱ्याने लहान-लहान दांड्यांनी सांभाळायचं आणि त्यातल्या काही दांड्या तर टाकीवर असायच्या. या सगळ्या दांड्या मुठीजवळ आणणं शक्य झालं ते अर्नेस्ट बाउडेन यांच्या तारेमुळे. लवचीक नळीतून ओढ नेणाऱ्या तारेचं पेटंट त्यांनी 1896 साली घेतलं. तोवर ओढ न्यायची तर सरळ सळई लागायची आणि सळईला वळण घेता येत नाही. तारेला येतं. आपल्याकडचे मिस्त्री जिला क्लच वायर किंवा ब्रेक वायर म्हणतात ती हीच. ती आल्यावर लिव्हर हँडलवर कुठेही बसवता येऊ लागला, आणि कारखान्यांनी तो खरोखरच कुठेही बसवला.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांतल्या कित्येक ब्रिटिश गाड्यांवर लिव्हरची बिजागरी हँडलच्या बाहेरच्या टोकाला असे आणि त्याचं मोकळं टोक आत, चालवणाऱ्याकडे वळलेलं असे. आज उलटी दिसणारी ही रचना अडाणीपणाची नव्हती. बिजागरी करंगळीच्या बाजूला असल्यामुळे तर्जनी आणि मधलं बोट ही बळकट बोटं तिच्यापासून सर्वांत दूर, म्हणजे तरफेच्या हिशेबाने सर्वांत फायद्याच्या जागी येत. शिवाय गाडी आडवी पडली तर जमिनीवर आपटायला बाहेर टोकच शिल्लक राहत नसे. असं असूनही ही रचना मागे पडली आणि हँडलभोवती आवळलेल्या पट्टीवर बसणारा, बिजागरी आत आणि टोक बाहेर असलेला लिव्हर टिकला. तो हँडलवर आत-बाहेर सरकवता येतो, खाली-वर कलता करता येतो आणि दोन स्क्रू सैल करून बदलता येतो. सुट्या लिव्हरचा धंदा उभा राहायला नेमकी ही सोय लागते. त्या सोयीची किंमत म्हणून बळकट बोटं बिजागरीजवळच्या, तोट्याच्या जागी आली. आखूड लिव्हरची चर्चा करताना हा जुना सौदा लक्षात ठेवावा लागेल.

डाव्या लिव्हरचं काम ठरायला आणखी वेळ लागला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने मोठ्या संख्येने वापरलेल्या ट्रायम्फच्या मॉडेल एच या गाडीला तीन गिअर आणि हाताने दाबायचा क्लच होता, पण गिअर बदलायची दांडी टाकीच्या बाजूला होती. म्हणजे गिअर बदलताना एक हात हँडल सोडणारच. 1920 च्या दशकाच्या अखेरीस व्हेलोसेट कंपनीच्या हॅरोल्ड विलिस यांनी पायाने एकेक टप्पा पुढे-मागे होणारी गिअरची यंत्रणा शर्यतीच्या गाडीसाठी तयार केली आणि दोन्ही हात मुठीवर राहू लागले. अमेरिकेत मात्र चित्र उलटं होतं. हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या गाड्यांवर गिअर हाताने आणि क्लच डाव्या पायाने असे. 1928 साली त्या गाड्यांना पुढचा ब्रेक आला तेव्हा उजवा हात पेट्रोलच्या मुठीत गुंतलेला होता आणि डावा हात त्या मानाने मोकळा होता, म्हणून पुढच्या ब्रेकचा लिव्हर डावीकडे गेला. 1952 साली याच कंपनीने मोठ्या गाड्यांवर पायाने गिअर आणि हाताने क्लच असा पर्याय दिला, तेव्हा डावा लिव्हर क्लचचा झाला आणि ब्रेक उजवीकडे सरकला. त्या क्लचच्या स्प्रिंगा पायाच्या ताकदीच्या हिशेबाने बनवलेल्या होत्या. त्या हाताला झेपेनात, म्हणून मदतीला वेगळी स्प्रिंग असलेली जोडयंत्रणा बसवावी लागली. तिच्या आकारामुळे तिचं नाव माउसट्रॅप पडलं. लिव्हर कोणत्या बाजूला आहे हा प्रश्न माणसाच्या पंज्यात किती ताकद आहे या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसतं.

हा गोंधळ कायद्याने संपवला तो अमेरिकेने. मोटारसायकलच्या नियंत्रणांबद्दलचं तिथलं सुरक्षा मानक क्रमांक 123 लागू झालं आणि 1 सप्टेंबर 1974 पासून बनणाऱ्या गाड्यांना डाव्या हाताला क्लच, उजव्या हाताला पुढचा ब्रेक, डाव्या पायाला गिअर आणि उजव्या पायाला मागचा ब्रेक ही मांडणी बंधनकारक झाली. जपानी कंपन्यांना याचा फारसा त्रास झाला नाही, कारण त्यांच्या गाड्या आधीपासून तशाच होत्या. ट्रायम्फ आणि नॉर्टन या ब्रिटिश कंपन्यांचा गिअर उजव्या पायाला होता. आधीच मोडकळीला आलेल्या त्या कारखान्यांना गिअरची दांडी पलीकडे नेण्यासाठी आडव्या दांड्या आणि नवी आवरणं यांवर खर्च करावा लागला. हा नियम म्हणजे जपानी पद्धतीला मिळालेली सरकारी मान्यता होती, आणि उजव्या पायाचा गिअर काही वाईट नव्हता, असा आक्षेप जुन्या ब्रिटिश गाड्यांचे चाहते आजही घेतात. आक्षेपाचा उत्तरार्ध बरोबर आहे. उजवा पाय गिअरला नालायक नाही आणि डावा जन्मतः लायक नाही. पण रस्त्याच्या कडेचं जनावर अचानक आडवं येतं तेव्हा हात-पाय मेंदूला विचारत बसत नाहीत. सवयीने जे दाबायचं ते दाबतात. गाडी बदलली की सवयही बदलावी लागणं, हा त्या क्षणी धोका असतो. म्हणून कोणती मांडणी ठरली यापेक्षा सगळ्यांची एक ठरली हे महत्त्वाचं. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या युरोपसाठीच्या आर्थिक आयोगाच्या नियम क्रमांक 60 नेही दुचाकीवरची नियंत्रणं कुठे असावीत हे बांधून दिलं.

भारतात या एकमताला उशीर झाला, कारण आपल्या दुचाकी चार-पाच देशांच्या परंपरांतून आल्या. 1955 साली मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला सुरू झालेल्या एनफिल्ड इंडियाची बुलेट ब्रिटिश वळणाची. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. मैसूरच्या आयडियल जावाच्या गाड्या चेक वळणाच्या. त्यांची गिअरची दांडी फिरवून तिचीच किक व्हायची, आणि ती दांडी दाबली की क्लच आपोआप सुटायचा, त्यामुळे हातातल्या लिव्हरची खरी गरज गाडी उचलताना आणि थांबवताना पडे. एस्कॉर्ट्सची राजदूत पोलिश गाडीवरून बेतलेली. बजाजने पियाजिओच्या परवान्याखाली आकुर्डीला बनवलेल्या स्कूटरवर आणि 1972 साली आलेल्या चेतकवर गिअर डाव्या मुठीतच होता : क्लचचा लिव्हर दाबून मूठच फिरवायची आणि मुठीबरोबर लिव्हरही फिरायचा. 1980 च्या दशकाच्या मध्यात इंड-सुझुकी, हिरो होंडा, एस्कॉर्ट्स यामाहा आणि कावासाकी बजाज यांच्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या आणि जपानी मांडणी हळूहळू सर्वसामान्य झाली. बुलेटचा गिअर डावीकडे यायला एकविसावं शतक उजाडलं. इतक्या वेगवेगळ्या गाड्या लोकांनी सुखाने चालवल्या, मग एकमताचं एवढं कौतुक कशाला, असं कुणी म्हणेल. नीट पाहिलं तर हा आक्षेप एकमताच्याच बाजूने साक्ष देतो. पायाकडची मांडणी गाडीगणिक बदलली, हातांकडच्या लिव्हरची बदलली नाही. बुलेट, जावा, राजदूत, चेतक, हिरो होंडाची सीडी 100, सगळ्यांवर डावा लिव्हर क्लचचा आणि उजवा पुढच्या ब्रेकचाच होता. पायाची चूक लोक निभावून नेत होते, कारण हातांचा करार पाळला जात होता.

तो करार मोडला गिअरच्या जाचातून सुटका करणाऱ्या गाड्यांनी. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीची लुना 1972 साली आली, 1984 साली कायनेटिक होंडा, आणि नव्या शतकाच्या आरंभी अ‍ॅक्टिव्हा. यांना क्लचचा लिव्हर नाही, म्हणून डावा लिव्हर मागच्या ब्रेकला मिळाला. जुन्या हार्लेसारखंच इथेही मोकळ्या झालेल्या हाताला ब्रेकचं काम दिलं गेलं. या गाड्यांनी महाराष्ट्रातल्या शहरांत, विशेषतः पुण्यात, बायकांच्या हाती दुचाकी दिली हे सर्वज्ञात आहे. त्याची एक बाजू मात्र क्वचितच बोलली जाते. जड क्लच आणि दूरचा लिव्हर लहान पंज्याला झेपत नाही, ही अडचण आपल्या उद्योगाने लिव्हर हाताजोगा करून सोडवली नाही. त्याने तो लिव्हरच काढून टाकला. उपाय यशस्वी झाला, पण मूळ प्रश्न तसाच राहिला आणि डाव्या लिव्हरला दोन अर्थ चिकटले. स्कूटरची सवय असलेला माणूस मोटारसायकलवर घाबरून डावा लिव्हर आवळतो तेव्हा ब्रेक लागत नाही, उलट इंजिन चाकापासून सुटतं आणि इंजिनामुळे मिळणारा रोधही जातो. 2009 साली होंडाने अ‍ॅक्टिव्हाला जोडब्रेक दिला. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या सगळ्या नव्या गाड्यांना किमान जोडब्रेक आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. जोडब्रेकच्या स्कूटरवर डावा लिव्हर एकट्याने दोन्ही चाकांचे ब्रेक ओढतो आणि ओढीची वाटणी ठरावीक प्रमाणात होते. अशा गाडीवर दिसायला छान म्हणून भलत्याच मापाचा डावा लिव्हर बसवणं म्हणजे त्या वाटणीतच हात घालणं.

आता दुसरा, अर्धवट सुटलेला प्रश्न. मूठ आणि लिव्हर यांच्यातलं अंतर जास्त असेल तर बोटांची फक्त टोकं लिव्हरवर पोचतात आणि टोकांत जोर नसतो. ते फार कमी असेल तर ब्रेक पुरता लागायच्या आत लिव्हर मुठीवर टेकतो. पंज्याचा पूर्ण जोर मधल्या एका टप्प्यातच लागतो आणि तो टप्पा प्रत्येकाच्या पंज्यागणिक वेगळा असतो. चपलेच्या दुकानात सहापासून अकरापर्यंतचे नंबर मागणारे आपण, लिव्हर मात्र सगळ्यांना एकाच नंबराचा घालतो. भारतीय शरीराच्या मापांचं देबकुमार चक्रवर्ती यांचं पुस्तक अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने प्रसिद्ध केलं ते 1997 साली. तोवर बुलेट, चेतक आणि सीडी 100 यांच्यावर देशाच्या दोन-तीन पिढ्या चालल्या होत्या. परदेशी मापाचे लिव्हर भारतीय हातांवर लादले गेले, असा सोपा निष्कर्ष इथे काढता येईल, पण तो फारसा टिकणार नाही. जपानी गाड्यांचे लिव्हर काही राक्षसी पंज्यांसाठी केलेले नव्हते. अडचण देशाची नसून एकाच मापाची आहे. कोल्हापूरचा पैलवान आणि कॉलेजात जाणारी मुलगी यांच्या पंज्यांतला फरक कोणत्याही दोन देशांच्या सरासरीतल्या फरकापेक्षा मोठा असतो. जपानी कारखान्यांना हे कळत होतं. 1980 च्या दशकापासून त्यांच्या महाग, वेगवान गाड्यांवर अंतर बदलणारी चकती दिसू लागली. आपल्याकडे ती रोज कामाला जाणाऱ्या माणसाच्या गाडीवर आली नाही, कारण त्या गाडीची किंमत शे-दोनशे रुपयांनीही वाढू द्यायची नव्हती. ही काटकसर लिव्हरपुरती नव्हती. भारतात बनलेल्या राजदूत 350 ला, म्हणजे यामाहा आरडी 350 ला, मूळ गाडीचा पुढचा डिस्क ब्रेक न देता ड्रम दिला गेला होता. गाडी थांबवणाऱ्या भागांवर पैसे वाचवायची सवय आपल्या उद्योगाला जुनी आहे.

ही मोकळी राहिलेली जागा बाहेरच्या बाजाराने भरली, पण भरताना आपला हेतू बदलला. 1950 आणि 60 च्या दशकांत ब्रिटनमधल्या तरुणांनी रस्त्यावरच्या गाड्यांना शर्यतीच्या गाड्यांचं रूप द्यायला सुरुवात केली. खाली झुकलेलं हँडल, मागे सरकलेले फूटरेस्ट आणि त्यांना जुळणारे लिव्हर विकणारे उद्योग उभे राहिले. इटलीतली टोमासेली, जर्मनीतली मागुरा ही हँडलवरच्या सामानातली मोठी नावं. यातले बरेच बदल कामाचे होते : हँडल खाली गेलं की मनगटाचा कोन बदलतो आणि लिव्हरही बदलावा लागतो. पुढे संगणकाने चालणारी कापयंत्रं, म्हणजे सीएनसी, स्वस्त झाली, अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून हवा तो आकार कोरता येऊ लागला आणि शर्यतीचा आखूड, दोन बोटांचा, घडी होणारा लिव्हर कुणालाही मिळू लागला. त्याच्या स्वस्त नकला पुण्याच्या नाना पेठेपासून दिल्लीच्या करोल बागेपर्यंत पोचल्या. नकलेत आकार उतरला, रंग उतरला. ज्या हिशेबाने तो आकार ठरला होता तो हिशेब उतरलाच असं नाही.

हिशेब साधा आहे. बोटांचा जोर लिव्हरवर जिथे पडतो तिथून बिजागरीपर्यंतचं अंतर भागिले बिजागरीपासून पिस्टन दाबणाऱ्या किंवा वायर ओढणाऱ्या बिंदूपर्यंतचं अंतर, ही तरफेची पट. समजा बोटं बिजागरीपासून 120 मिलिमीटरवर आहेत आणि पिस्टन 20 मिलिमीटरवर, तर पट सहा. आखूड लिव्हरमुळे बोटं 90 मिलिमीटरवर आली तर पट साडेचार, आणि तोच ब्रेक लावायला एक तृतीयांश जास्त जोर लागेल. शर्यतीच्या गाडीला हे परवडतं, कारण तिचे ब्रेक इतके जबर असतात की दोन बोटंही पुरतात आणि उरलेली बोटं पेट्रोलची मूठ सांभाळायला मोकळी ठेवायची असतात. पुढे ड्रम ब्रेक असलेल्या गाडीवर किंवा जड क्लचच्या जुन्या बुलेटवर तोच लिव्हर बसवला की बोटांना कळ येते आणि ऐन वेळी ब्रेक कमी पडतो. पिस्टनकडचं अंतर तर याहून नाजूक. ब्रेम्बो या ब्रेक बनवणाऱ्या कंपनीच्या 19 आरसीएस या मास्टर सिलिंडरवर ते 18 किंवा 20 मिलिमीटर ठेवायची सोय आहे. दोन मिलिमीटरचा हा फरक चालवणाऱ्याच्या हाताला स्पष्ट जाणवतो, म्हणूनच कंपनी ती सोय देते. नकली लिव्हरमध्ये ते दोन मिलिमीटर कुणी न सांगता, न मोजता इकडचे तिकडे झालेले असू शकतात.

याहून गंभीर बाब लिव्हरच्या सुरुवातीच्या मोकळ्या हालचालीची. 1969 साली होंडाच्या सीबी 750 ने हायड्रॉलिक डिस्क ब्रेक मोठ्या उत्पादनाच्या मोटारसायकलवर आणला आणि लिव्हरच्या कामाचं स्वरूप बदललं. वायर ओढायच्या ऐवजी तो पिस्टन ढकलू लागला. हा पिस्टन ज्यात सरकतो त्या मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक छिद्र असतं. लिव्हर सोडलेला असताना ते उघडं राहतं आणि गरम होऊन फुगलेलं ब्रेक ऑइल त्यातून टाकीत परत जातं. बदली लिव्हरचं पिस्टनकडचं टोक केसभर जाड असेल, तर पिस्टन कायम किंचित आत दाबलेला राहतो आणि छिद्र बंद होतं. गॅरेजमध्ये चाक हाताने फिरवून पाहिलं तर सगळं ठीक वाटतं. घाटात पाच-दहा मिनिटं ब्रेक वापरला की ऑइल तापतं, परतीची वाट नसते, ब्रेक आपोआप आवळत जातो आणि शेवटी चाक धरून बसतो. ब्रेक लाइटचं बटण आणि क्लच दाबल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणारं बटण यांनाही लिव्हरचा एक छोटा उंचवटा दाबत असतो. तो चुकीच्या जागी असला तर मागचा दिवा दिवसभर पेटलेला राहतो, किंवा पेटतच नाही. क्लचच्या बाजूला वायरीच्या टोकाची गोळी आपल्या खाचेत मोकळी फिरायला हवी. ती अडकली की वायर दर वेळी त्याच जागी वाकते आणि एकेक तार तुटत जाते. जपानी गाड्यांची माहितीपुस्तकं क्लच लिव्हरच्या टोकाला साधारण 10 ते 20 मिलिमीटर मोकळी हालचाल ठेवायला सांगतात ती उगाच नाही. ती नसेल तर क्लच पुरता बसत नाही, घसरत राहतो आणि प्लेटा जळतात.

मजबुतीचा मुद्दाही विक्रेते सांगतात तितका सरळ नाही. कारखान्यातून आलेला लिव्हर बहुधा ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा असतो. पडल्यावर तो वाकतो किंवा टोकाशी तुटतो, म्हणून तो कच्चा समजला जातो. पण कित्येक लिव्हरना टोकाजवळ मुद्दाम खाच दिलेली असते, तुटलाच तर तिथे तुटावा आणि उरलेल्या तुकड्यावर दोन बोटं ठेवून घरी पोचता यावं म्हणून. ठोकळ्यातून कोरलेला, न वाकणारा लिव्हर बसवला की आपटल्याचा जोर बिजागरीवर आणि मास्टर सिलिंडरच्या आवरणावर जातो, आणि लिव्हरपेक्षा ते फार महाग पडतात. मातीत चालणाऱ्या गाड्यांसाठी घडी होणारा लिव्हर हे यावरचं खरं उत्तर आहे, बिजागरीत खडखड नसेल तर. शर्यतींची जागतिक संघटना एफआयएम तर लिव्हरचं टोक किमान 16 मिलिमीटर व्यासाच्या गोळीचं असावं आणि बिजागरीपासून लिव्हरची लांबी 200 मिलिमीटरच्या वर जाऊ नये, असा दंडक घालते. उघडं टोक पोटात किंवा मांडीत घुसतं म्हणून ही गोळी. पुढच्या गाडीला ब्रेकचा लिव्हर घासून अचानक ब्रेक लागू नये म्हणून मोटोजीपीच्या गाड्यांवर लिव्हरसमोर आडोसाही सक्तीचा झाला. शर्यतीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही स्वस्त लिव्हरना टोकाची ही गोळीच नसते.

इतकं झाल्यावर तीन आक्षेप उरतात. पहिला सावध माणसाचा : कंपनीने विचार करून दिलेला लिव्हर बदलूच कशाला? त्याला उत्तर असं, की कंपनीने सरासरी हाताचा विचार केला आहे, तुमच्या हाताचा केलेला नाही. ज्या गाड्यांवर किंमत परवडते तिथे अंतर बदलायची सोय कंपन्या स्वतःच देतात, म्हणजे ती हवी हे त्यांनाही मान्य आहे. दुसरा हौशी माणसाचा : गाडी माझी, रंग माझा, यात तत्त्वज्ञान कशाला? रंगाला माझी मुळीच हरकत नाही. ट्रकच्या फळीवर मोर काढणाऱ्या देशात लाल लिव्हरवर नाक मुरडणं शोभत नाही. उन्हात तो लाल रंग गुलाबी पडतो, एवढं घेणाऱ्याने जाणून घ्यावं. सजावट तरफेची पट, मोकळी हालचाल आणि टोकाची गोळी यांना धक्का लावत नसेल तोवर ती निर्धोक आहे. तिसरा आक्षेप कायद्याचा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करायला मनाई करतं, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते कडकपणे अधोरेखित केलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारासाठी दंडही ठेवला. मूळ जागी बसणारा, मूळ काम करणारा लिव्हर आणि चेसिस कापून केलेला बदल एका मापाने मोजता येणार नाहीत. तरीही कलमाचा रोख आपल्याला उपयोगी आहे. गाडी ज्या रूपात तपासली गेली, ज्या अंतरात थांबते म्हणून मंजूर झाली, तो गुण बदलता कामा नये. लिव्हर मुठीजवळ आणल्याने तो बदलत नाही, उलट लहान पंज्याला पूर्ण जोर लावता येतो. पट बदलल्याने मात्र तो बदलतो.

म्हणजे निवडीची कसोटी इतिहासानेच आखून दिली आहे. घेताना मूळ लिव्हर शेजारी ठेवून बिजागरीपासून पिस्टनच्या टोकापर्यंतचं अंतर जुळतं का हे पाहावं. बिजागरीच्या भोकात पितळी बुश आहे का, चकतीचा प्रत्येक टप्पा जोर लावल्यावर जागेवर राहतो का, टोकाला गोळी आहे का, हे तपासावं. बसवल्यावर मोकळी हालचाल आणि मागचा दिवा पाहावा, आणि थोडी गाडी चालवून चाक मोकळं फिरतं का हे गरम ब्रेकवर पाहावं. पण हा सगळा भार एकट्या गिऱ्हाइकावर टाकणं न्यायाचं नाही. आज लिव्हरच्या खोक्यावर 6061 किंवा 7075 असा मिश्रधातूचा क्रमांक ठळक छापलेला असतो, रंगांची यादी असते; पट किती, पिस्टनकडचं अंतर किती, कोणत्या मास्टर सिलिंडरसाठी, हे नसतं. ते छापायला बनवणाऱ्याला शाईपलीकडे काही खर्च नाही, आणि ज्याला छापता येत नाही त्याने ते मोजलेलं नाही असं गिऱ्हाइकाने खुशाल समजावं. गाड्या बनवणाऱ्यांकडे मागणी याहून मोठी आहे. वाळूज आणि चाकण इथे दुचाकी बनतात, ब्रेम्बोचे बायब्रे ब्रेकही चाकणलाच बनतात. लिव्हर हाताजोगा करणारी एक चकती हे इथल्या उद्योगाला अवघड तंत्रज्ञान नाही. ती शंभर सीसीच्या गाडीवर कारखान्यातूनच आली, तर बाहेरचा लिव्हर घ्यायचं सर्वांत रास्त कारण उरणार नाही, आणि उरलेला बाजार मग निखळ हौसेचा असेल.